खिडकीला बाजू किती?

२०२४च्या मे महिन्यात मी लेकीकडे अमेरिकेत होते आणि तिथे जावईबापूंशी माझं चक्क भांडण झालं! भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे हो. जावयाच्या घरात राहून सासूने आवाज चढवायचा नसतो, एवढं आमच्या पिढीला कळतं. पण दोन दिवस जेवणाच्या टेबलावर आम्ही "मीठ द्या" आणि "ताक हवं का" यापलीकडे बोललो नाही. कारण ऐकाल तर हसाल. कारण होतं खिडक्या पुसण्याची मजुरी!

जावईबापू हे वाचणार आहेत. त्यांना सांगूनच लिहिते आहे. "लिहा की आई, पण माझी बाजूही लिहा," असं ते म्हणाले. तर त्यांचीही बाजू लिहिते.

लेकीचं घर मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनपासून पश्चिमेला तासाभरावर, वुस्टर नावाच्या गावात आहे. (स्पेलिंग बघून मी आपली 'वॉर्सेस्टर' म्हणायची. नातीने मला सुधारलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचं शुद्धलेखन तपासल्याचं फळ, दुसरं काय!) घर १९२८ सालचं, लाकडी, दोन मजली. त्याला अठरा खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या बाहेरून आणखी एक खिडकी. तिला म्हणतात स्टॉर्म विंडो.

नाव ऐकून मला वाटलं, चक्रीवादळ आलं की ठोकायच्या फळ्या असतील. तसं काही नाही. जुन्या घरांतल्या मूळ खिडक्यांना एकेरी काच असते. थंडीत घरातली पैसे मोजून तापवलेली ऊब तिच्यातून बाहेर जाते. म्हणून बाहेरच्या अंगाने दुसरी काचेची खिडकी बसवायची आणि दोन्हींच्या मध्ये हवा कोंडायची. आपल्या गोधडीचंच तत्त्व! दोन लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. पूर्वी या बाहेरच्या खिडक्या लाकडी चौकटीच्या असत. थंडीच्या आधी शिडी लावून एकेक वर टांगायची, वसंत आला की उतरवून तिथे जाळी लावायची. प्रत्येकीचं माप थोडं वेगळं, म्हणून चौकटीवर आकडे घातलेले. लेकीच्या तळघरात अशा दोन अजून पडलेल्या आहेत. नंतर ॲल्युमिनियमच्या आल्या. या बारा महिने जागेवरच राहतात. तीन समांतर खाचा, दोन काचेच्या तावदानांसाठी आणि एक जाळीसाठी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आपल्याकडे थ्री ट्रॅक स्लायडिंग असतं ना, तेच उभं करून वरखाली सरकणारं केलं की झाली यांची स्टॉर्म विंडो.

जूनमध्ये नातीच्या शाळेचा पदवीदान समारंभ होता, घरी पन्नास माणसं यायची होती. म्हणून जावईबापूंनी खिडक्या पुसणाऱ्या माणसाला फोन केला. त्याने खिडकीमागे १२ डॉलर सांगितले. अठरा खिडक्या, म्हणजे २१६ डॉलर. ठरलं.

ठरल्या दिवशी सकाळी तो आला. पन्नाशीचा, एकटाच, स्वतःची व्हॅन, वर शिडी. घराभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, या तर स्टॉर्म विंडो आहेत. यांचे २२ डॉलर पडतील. म्हणजे ३९६!

जावईबापू भडकले. "फोनवर १२ म्हणालात!"

तो शांतपणे म्हणाला, "फोनवर मी विचारलं होतं, स्टॉर्म आहेत का. तुम्ही म्हणालात, साध्याच आहेत."

हे खरं होतं. फोन झाला तेव्हा मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. जावईबापूंचं आधीचं घर नवं होतं. तिथे कारखान्यातच दुहेरी काच बंद करून आलेल्या खिडक्या होत्या. तशा खिडकीच्या मधल्या बाजूला कुणाचा हात पोचतच नाही, पुसायचा प्रश्न येत नाही. त्यांना हे घर घेऊन तीन वर्षं झाली होती, पण खिडक्या त्यांनी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या.

मग घासाघीस सुरू झाली. सगळ्या मिळून ३०० घ्या, म्हणाले. त्याने नाही म्हटलं. वर म्हणाला, हवं तर १२च्या भावात फक्त सगळ्यात बाहेरची आणि सगळ्यात आतली बाजू पुसतो, मधलं तसंच राहील. आता २०२३च्या शरदात कुणी एक जण १५० डॉलरमध्ये दोन तासांत नेमकं तेवढंच करून गेला होता आणि मधला मळ वर्षभर आम्हाला वाकुल्या दाखवत होता. त्यालाही मी लबाड म्हणणार नाही. त्याच्याकडून जेवढं विकत घेतलं, तेवढं त्याने दिलं. हा माणूस मात्र बादली उचलून व्हॅनकडे निघाला, तेव्हा कुठे जावईबापूंनी हाक मारली. आणि मला मराठीत म्हणाले, "बघितलंत आई? दारात आला आणि भाव वाढवला. अमेरिका असो नाहीतर मंडई, सगळीकडे तेच."

मी तेव्हा गप्प बसले. पण मला दुसरं काही काम नव्हतं, आणि शाळेत परीक्षेला पर्यवेक्षण करायची सवय आहे. मी खुर्ची घेऊन बसले आणि तो काय करतो ते पाहिलं.

आधी आतली खिडकी वर उचलायची. मग हात बाहेर घालून स्टॉर्मच्या तावदानाच्या दोन खिट्ट्या एकदम दाबायच्या, तावदान आत कलवायचं आणि खाचेतून सोडवून घरात घ्यायचं. मग दुसरं तावदान. मग जाळी. खिट्ट्या गंजलेल्या, चौकटी कुठे कुठे वाकलेल्या. ॲल्युमिनियमला करडी भुकटी सुटलेली, तिने हात काळे होतात. काच पातळ, जुनी. तुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. (जावईबापूंनी आदल्या वर्षी स्वतः एक काढून पाहिलं होतं. त्या तावदानाची काच नवी आहे. का, ते मी लिहीत नाही.) घर १९७८च्या आधीचं. त्या वर्षी तिकडे घरांत शिसं असलेल्या रंगावर बंदी आली, त्याआधीच्या घरांत तो असू शकतो. म्हणून हा माणूस खिडकीचा रंग कुठे कोरडा खरवडत नव्हता, ओल्या फडक्याने टिपून घेत होता. मध्ये कोळ्यांची जाळी, मेलेल्या माश्या, वर्षानुवर्षांची माती. आणि चौकटीच्या तळाशी पाणी निचरायला बारीक भोकं असतात, ती तुंबली की पाणी साचून खालचं लाकूड कुजतं. तारेचा तुकडा घालून त्याने प्रत्येक भोक मोकळं केलं. त्याचे पैसे त्याच्या भावात कुठेच लिहिलेले नव्हते.

आठ वाजता सुरू केलं, साडेतीनला संपवलं. मध्ये अर्धा तास व्हॅनमध्ये बसून डबा खाल्ला. म्हणजे सात तास, अठरा खिडक्या. सरासरी एका खिडकीला तेवीस मिनिटं.

रात्री जेवणं झाल्यावर मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. मी मूळची मराठी आणि इतिहासाची शिक्षिका, पण पाचवीला गणितही शिकवलं आहे. गणित पाचवीचंच होतं.

साध्या खिडकीला तावदानं दोन. प्रत्येकाला बाजू दोन. एकूण चार. स्टॉर्म असलेल्या खिडकीला आतली दोन आणि बाहेरची दोन अशी तावदानं चार, म्हणून बाजू आठ. अठरा साध्या खिडक्यांच्या बाजू ७२. अठरा स्टॉर्मसकटच्या १४४.

आता २१६ भागिले ७२. तीन डॉलर बाजूला.

आणि ३९६ भागिले १४४. दोन डॉलर पंचाहत्तर सेंट!

म्हणजे ज्याने दारात येऊन 'भाव वाढवला', त्याने खरं म्हणजे बाजूमागे पाव डॉलर कमी लावला होता. तावदानं सोडवणं, परत बसवणं, जाळ्या धुणं आणि भोकं मोकळी करणं, हे सगळं वर फुकट! मी पाकीट जावईबापूंच्या पुढे सरकवलं. आणि तिथून आमचा अबोला सुरू झाला.

आता त्यांची बाजू. ते म्हणाले, "आई, बाजू कसल्या मोजता? तास बघा. सात तासांचे ३९६. तासाला ५६ डॉलर! काच पुसण्याचे!"

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देते. तास मोजायचे तर सगळे मोजा. घरी येण्याजाण्याचा वेळ मोजा. फोनवर चौकशी करून नंतर न बोलावणारे किती, तेही मोजा. पाऊस पडला की तो दिवस गेला. दुपारी मी त्याला आल्याचा चहा नेऊन दिला, तेव्हा माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, थंडीत काय करता? तो म्हणाला, डिसेंबर ते मार्च बाहेरचं काम जवळजवळ बंद. पाणी काचेवरच गोठतं. म्हणजे आठ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं. व्हॅन त्याची, शिडी त्याची, विमा त्याचा. तिकडे नोकरदाराचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा अर्धा वाटा मालक भरतो. याला मालकच नाही, म्हणून दोन्ही वाटे हाच भरतो, ते मिळून १५.३ टक्के. भरपगारी रजा नाही. शिडीवरून पाय घसरला तर तीन महिने घरी बसणार कुणाच्या जिवावर? हे सगळं वजा केलं की ५६चे किती उरतात, ते तुम्हीच ठरवा.

आणि खरं सांगू? मला राग तासाच्या हिशोबाचा आलाच नाही. जावईबापू स्वतः तासावर बिल लावतात, ५६पेक्षा पुष्कळ जास्त. सॉफ्टवेअरचे सल्लागार आहेत, हुशार आहेत, मला अभिमान आहे. ते घरूनच काम करतात. त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून त्यांचा एक फोन ऐकला होता. गिऱ्हाइकाने आधी सांगितलं एक आणि निघालं दुसरंच. जावईबापू अगदी शांत आवाजात त्याला सांगत होते की हे मूळ करारात नव्हतं, स्कोप वाढला आहे, त्याचे जास्तीचे पैसे होतील. गिऱ्हाइकाने मुकाट्याने मान्य केलं असावं, कारण फोन ठेवून ते खुशीत शीळ घालत होते!

आता मला सांगा, संगणकावर काम वाढलं तर तो स्कोप आणि खिडकीवर काम वाढलं तर ती लबाडी, हे कुठल्या शाळेत शिकवतात? माझ्या शाळेत नाही शिकवलं.

मी हे त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "पण त्याला कौशल्य लागतं, आई."

इथे खरी मेख आहे. आपल्याला, म्हणजे चार बुकं शिकलेल्या सगळ्यांना, मनातून वाटतं की हाताने करायच्या कामात डोकं नसतं. काच तर काय, कुणीही पुसेल! मग पुसून दाखवा की. त्याच्या हातातलं ते हत्यार, स्क्वीजी, म्हणजे आपल्या फरशीच्या वायपरचा धाकटा भाऊ. आधी ते अवजड असायचं आणि रबर बदलायला ढीगभर स्क्रू काढावे लागायचे. १९३६ साली कॅलिफोर्नियात एत्तोरे स्टेक्कोने नावाच्या, इटलीहून आलेल्या माणसाने हलकं पितळेचं, एकाच धारदार रबरी पट्टीचं स्क्वीजी काढून त्याचं पेटंट घेतलं. हा स्टेक्कोने कोण? इंजिनिअर नव्हे. तो स्वतः खिडक्या पुसणारा होता! ज्या कामात डोकं नसतं म्हणतात, त्या कामातल्या माणसाच्या डोक्यातून ते निघालं. आपल्या या माणसाने बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि काचेवरून एकच वळणदार हात फिरवला. कडेला एक ओघळ नाही. नातीने हौसेने एक काच करून पाहिली. तिच्या काचेवर पंढरपूरच्या चंद्रभागेचे फाटे फुटले होते!

दुसऱ्या दिवशी लेक मध्यस्थी करायला आली. "आई, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? आम्ही त्याला वीस डॉलर टीप दिली ना!"

टीप! बक्षिसी! भाव देताना हात आखडायचा आणि मग वरून खुशीने वीस डॉलर टेकवून आपण उदार व्हायचं. वीस डॉलर देण्यात काही वाईट नाही, पण ते आपल्या मर्जीवर. आणि २२ डॉलरचा भाव हा त्याचा हक्क. हक्काला नकार देऊन मर्जी दाखवणं हा मोठेपणा नव्हे. आपल्या भाषेत घरकाम करणाऱ्या बाईला मोलकरीण म्हणतात. शब्द जुना आहे आणि हल्ली कानाला बोचतो, पण त्यात 'मोल' आहे. जी मोल घेऊन काम करते ती. कामाला मोल असतं हे आपल्या भाषेला माहीत होतं. आपणच विसरलो आणि मोलाच्या जागी दिवाळीची साडी दिली.

इथवर मी जावयांना शहाणपण शिकवत होते. पण 'दिवाळीची साडी' हे शब्द तोंडातून गेले आणि माझाच आवाज बसला.

पुण्यात माझ्या घरी अठरा वर्षं एक मावशी काम करायच्या. धुणं, भांडी, केर-फरशी. पगार ठरलेला, वेळच्या वेळी दिलेला. आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी मी म्हणायची, "मावशी, तेवढ्या खिडक्या पुसून घ्या हं." तेवढ्या! माझ्या घराला सात खिडक्या. मावशी स्टुलावर चढून ग्रिलमधून हात बाहेर घालून पुसायच्या. एका खोलीच्या खिडकीला ग्रिल नाही. तिथे त्या तिसऱ्या मजल्यावर सज्ज्याच्या कडेवर पाय ठेवायच्या, आणि मी आतून "जपून हं मावशी" म्हणायची. 'जपून हं' हीच माझी त्यांच्या जिवाची सोय! त्या 'तेवढ्या' खिडक्यांचे मी अठरा वर्षांत एकदाही वेगळे पैसे दिले नाहीत. साडी दिली, फराळ दिला. आणि स्वतःला भली बाई समजले.

सिंगापूरमध्ये घरकाम करणाऱ्या परदेशी बायका उंचावरच्या खिडक्या पुसताना पडून मेल्या, तेव्हा २०१२ साली तिथल्या सरकारला नियम करावा लागला. खिडकीला ग्रिल हवं, ते बंद हवं आणि बाईवर लक्ष ठेवायला मोठं माणूस हजर हवं, त्याशिवाय बाहेरची बाजू पुसायला सांगायचं नाही. हाँगकाँगने २०१७पासून करारातच कलम घातलं की ग्रिल लावलेलं हवं आणि हाताखेरीज शरीराचा कुठलाही भाग खिडकीबाहेर जाता कामा नये. हे वाचलं तेव्हा मला आमचा सज्जा आठवला. मावशी पडल्या नाहीत हे त्यांचं कौशल्य. माझं त्यात काही श्रेय नाही.

हे मी जावयांना सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे आई, तुम्ही तर माझ्यापेक्षा स्वस्तात काम करून घेतलंत." आणि आम्ही दोघंही हसलो. अबोला संपला. हसून वाद मिटला, पण हिशोब मिटला नाही.

मी ऑगस्टमध्ये परत आले. त्या मावशी आता गावी असतात, गुडघे गेले आहेत. (तिथेही माझ्या स्टुलाचा काही वाटा असेलच.) आता दुसऱ्या एक जणी येतात, वय पस्तीसच्या आसपास. २०२४च्या दिवाळीआधी मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, आपण मोजूया. खिडक्या सात. प्रत्येकीला काचा दोन, बाजू चार, एक जाळी आणि खाली तीन खाचा. खाचांतला मळ काढणं हेच खरं किचकट काम, स्टॉर्म विंडोसारखंच. ग्रिल नसलेल्या खिडकीची बाहेरची बाजू तुम्ही करायची नाही, ती राहू दे घाण. मी खिडकीमागे १५० रुपये म्हटलं. त्या आधी हसल्या. मग मला म्हणाल्या, "बाई, त्या खिडकीची एक बाजू कमी, मग तिचे १५० कसे?" मी म्हटलं, तिच्या खाचा सगळ्यात घाण आहेत. एक हजार पन्नास रुपये झाले, पगाराच्या आणि बोनसच्या वेगळे.

पुढचं काय सांगू! आठ दिवसांत खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "तुम्ही भाव वाढवून ठेवलात हो! आता ती आमच्याकडेही खिडक्यांचे वेगळे मागते. तुमचं एकटीचं ठीक आहे, आम्ही संसारी माणसं."

मी वाढवला भाव? भाव आधीपासूनच होता, बाई. इतकी वर्षं तो तिने आपल्या खिशातून भरला, गुडघ्यांतून भरला. फक्त पावती फाडली नव्हती कुणी. एवढं महाग वाटत असेल तर उपाय सोपा आहे. आठवड्यात दोन खिडक्या स्वतः पुसाव्यात. मी ग्रिल नसलेल्या त्या खिडकीच्या खाचा एकदा जुना टूथब्रश घेऊन स्वतः काढून पाहिल्या. वय झालंय म्हणा, पण पाऊण तास गेला, आणि दोन दिवस मनगट धरलं होतं.

मी कुणाला जास्त द्या म्हणत नाही. परवडत नसेल तर निम्म्या खिडक्या पुसून घ्या. त्या वुस्टरच्या माणसाने तोही मार्ग ठेवला होताच, आणि अगदी प्रामाणिकपणे ठेवला होता. पण आठ बाजूंचं काम चार बाजूंच्या भावात मागू नका, आणि तो आठ बाजूंचा भाव सांगतो तेव्हा त्याला लबाड म्हणू नका. काच त्याला घासू द्या. तुम्ही भाव घासू नका.

असो. दिवाळी आली की तुमच्याही घरात कुणीतरी 'तेवढ्या खिडक्या' म्हणेल. त्याआधी एकदा कागद-पेन्सिल घेऊन घरभर हिंडा आणि बाजू मोजा. गणित पाचवीचंच आहे.